‘मिस्त्री’ म्हणजे नेमकं कोण? गावातल्या कामांची यादी बनवणं आणि ती ताजी ठेवणं

तुमचा प्रश्न मी असा समजले. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात तुमची संस्था तरुणांच्या रोजगारावर काम करते. तीन वर्षांच्या घरोघरच्या सर्वेक्षणातून दहा-बारा हजार नोंदी जमल्या आहेत आणि ‘काय काम करता?’ या रकान्यात माणसानं जे सांगितलं तेच लिहिलेलं आहे. त्यातून व्यवसायांची आणि कौशल्यांची एक यादी हवी, ती दरवर्षी आपोआप ताजी व्हावी, आणि त्यासाठी संगणकाचं कोणतं मॉडेल घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

लोकांच्या तोंडचे शब्द तुम्ही जसेच्या तसे जपलेत, हे फार मोलाचं आहे. पुष्कळ सर्वेक्षणांत पंधरा-वीस पर्यायांतल्या एकावर खूण करायची असते. मग ‘शेतमजूर’ आणि ‘इतर’ या दोन रकान्यांत गावातली निम्मी माणसं जाऊन बसतात, आणि मूळ शब्द एकदा हरवला की पुन्हा त्या घरी गेल्याशिवाय सापडत नाही.

मॉडेलचं सांगतेच, ते तुलनेनं सोपं आहे. मला काळजी वाटते ती ‘आपोआप’ या शब्दाची. गेली चौदा वर्षं मी वर्धा, यवतमाळ आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या उपजीविका सर्वेक्षणांचं कोडिंग करते आहे, म्हणजे लोकांच्या उत्तरांना वर्गीकरणाच्या यादीतला ठरलेला अंक देते. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की झाली. लोक जे शब्द वापरतात आणि आपल्या यादीत जे कप्पे आहेत, त्यांच्यात अंतर कुठे पडत चाललंय हे संगणक चांगलं दाखवतो. तिथे नवा कप्पा करायचा की जुनाच रुंद करायचा, हे ठरवायला मात्र ते काम जाणणारी माणसंच लागतात. कप्पा झाला की त्याच्यामागे प्रशिक्षण येतं, योजना येते. कप्पा नसला की ते काम करणारा माणूस कागदावर नसतोच.

हे किती गंभीर असू शकतं, ते तुमच्याच जिल्ह्यानं पाहिलंय. २०१७ च्या खरिपात यवतमाळमध्ये कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर मी आमच्याकडच्या जुन्या नोंदी काढून बसले. मजुरीवर फवारणी करणारे कोण, हंगामात किती दिवस करतात, स्वतःचा पंप घेऊन गावोगाव जाणारे किती, यातलं काहीच मला त्यातून काढता आलं नाही. सगळे ‘शेतमजूर’ होते. मूळ कागदांवर ‘फवारा मारतो’, ‘फवारणीले जातो’ असं लिहिलेलं होतं. संगणकात भरताना आम्हीच ते एका कप्प्यात कोंबलं होतं.

दुसरी चूक पूर्णपणे माझी. सुरुवातीच्या काळात शब्दांचे गट पाडताना ‘सालदार’, ‘सालगडी’, ‘गडी’ आणि ‘शेतमजूर’ हे सगळे शब्द संगणकानं जवळजवळ ठेवले. सगळ्यांच्या आजूबाजूला ‘वावर’, ‘बैल’, ‘डवरणी’ हेच शब्द येत होते. मी ते एकत्र केले. त्या यादीवरून रिकाम्या दिवसांसाठी एक प्रशिक्षण आखलं गेलं आणि ज्यांना बोलावलं त्यांतले बरेच आलेच नाहीत. सालदाराला रिकामा दिवस नसतो. गुढीपाडव्याला त्याचा सौदा ठरतो, वर्षाचे पैसे ठरतात, बरेचदा उचलही घेतलेली असते, आणि मग वर्षभर तो त्या एकाच शेतकऱ्याकडे बांधलेला असतो. रोजंदारीचा मजूर सकाळी ठरवतो की आज कुणाकडे जायचं. हाताला काम तेच, आयुष्य वेगळं. गणिताला हे अंतर दिसलं नाही, कारण ते शब्दांच्या शेजारात नव्हतंच, करारात होतं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. यादी कशासाठी हवी, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि निम्मं उत्तर त्यावर ठरतं. सरकारी आकड्यांशी तुलना करायची असेल तर तुम्हाला राष्ट्रीय वर्गीकरणाला चिकटून राहावं लागेल, मग ते कुठे कुठे टोचलं तरी. तरुणांना कामाला लावायचं असेल तर यादी कौशल्याच्या बाजूनं बारीक हवी. मजुरी आणि धोके समजून घ्यायचे असतील तर करार, हंगाम आणि अंगावर येणारं काम या बाजूनं बारीक हवी. तिन्ही हेतू एकाच यादीत बसवायला गेलात तर ती इतकी लांब होते की सर्वेक्षक पहिल्या पानावरचाच पर्याय निवडतो. माझा सल्ला असा की कणा सरकारी ठेवा आणि त्याला आपल्या गरजेच्या फांद्या फुटू द्या.

कणा तयार आहे, कोऱ्या पाटीवरून सुरुवात करायची गरज नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं इस्को-०८ हे वर्गीकरण १० मोठ्या गटांपासून सुरू होतं आणि शेवटच्या पायरीवर ४३६ गटांपर्यंत उतरतं. आपलं राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५, ज्याला सगळे एनसीओ म्हणतात, त्याच सांगाड्यावर उभं आहे. त्याचे कोड आठ अंकी आहेत आणि त्यात सुमारे ३६०० व्यवसाय आहेत. इस्कोच्या चार अंकांवर तुमच्या भागातली कामं ठेवून पाहा. शेतातली पिकं घेणारा कास्तकार ६१११. पीक आणि गुरं दोन्ही सांभाळणारा ६१३०. कापूस वेचायला मजुरीनं जाणारी बाई ९२११. ट्रॅक्टर किंवा हार्वेस्टर चालवणारा ८३४१. भंडारा-गोंदियाकडची विडी वळणारी ७५१६. बांबूच्या टोपल्या विणणारा ७३१७. पहिले चार अंक कधीही बदलू नका. त्याच्याखाली तुमची स्वतःची अक्षरं जोडा: ९२११ च्या खाली रोजंदार, सालदार, गुत्त्यानं काम घेणारी टोळी, मजुरीवर फवारणारा. वर गुंडाळलं की सरकारी आकडा मिळतो, खाली उलगडलं की गाव दिसतं.

इथे एक गल्लत फार होते म्हणून सांगते. माणूस म्हणतो, ‘हिंगणघाटले जिनिंगमधी आहो.’ जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना. हा त्याचा उद्योग झाला, व्यवसाय झाला नाही. त्या जिनिंगमध्ये यंत्र चालवणारा आहे, गाठी उचलणारा हमाल आहे, काट्यावर बसणारा आहे, रात्रीचा चौकीदार आहे. उद्योगांसाठी वेगळं वर्गीकरण आहे, एनआयसी २००८, लघुउद्योगांच्या ‘उद्यम’ नोंदणीत तेच वापरतात. तुमच्या नोंदींत ‘जिनिंग’, ‘कोळसा खाण’, ‘पेट्रोल पंप’ असे शब्द सुटे आले असतील तर ते वेगळ्या रकान्यात टाका आणि व्यवसायापुढे ‘माहीत नाही’ लिहा. कोणताही अंदाज करून भरू नका. ‘माहीत नाही’ ही पुढच्या फेरीत विचारायच्या प्रश्नांची यादी असते.

एका माणसाला एकच कोड द्यायचा, हा दुसरा हट्ट सोडा. आपल्याकडचं वर्ष पाहा. जुलैत निंदण, पूर्वेकडे धानाची रोवणी, सप्टेंबरच्या शेवटापासून सोयाबीनची सोंगणी, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते ती पुढे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत, मग तूर, मग कुणी वीटभट्टीवर, कुणी पुण्या-मुंबईकडे बांधकामावर, आणि जंगलपट्ट्यात एप्रिलमध्ये मोहफुलं आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. एकाच बाईची ही पाच-सहा कामं आहेत. राष्ट्रीय नमुना पाहणी यासाठी एक चांगली सोय करते: मागच्या ३६५ दिवसांत ज्यात जास्त काळ गेला ती मुख्य स्थिती, आणि किमान ३० दिवस केलेलं दुसरं काम असेल तर ते दुय्यम. २०२१ मध्ये सुरू झालेल्या, असंघटित कामगारांच्या ई-श्रम नोंदणीतही मुख्य आणि दुय्यम असे दोन व्यवसाय लिहिता येतात. तुम्ही तर बारा महिन्यांचे बारा रकाने ठेवू शकता. मी तसंच करते. सणांच्या आधाराने विचारलं की लोकांना नीट आठवतं: पोळ्याच्या वेळी काय करत होता, दिवाळीच्या आधी काय, होळीनंतर काय.

बायकांच्या बाबतीत हे अधिकच लागू आहे. ‘काय काम करता?’ विचारलं की उत्तर येतं, ‘काही नाही, घरीच असतो.’ महिने विचारले की त्याच बाईच्या तोंडून वेचणी निघते, चार शेळ्या निघतात, बचत गटाची शेवयांची मशीन निघते. तुमच्या दहा-बारा हजार नोंदींत ‘घरकाम’ किती आहेत ते आधी मोजा. त्या आकड्यावर कोणतंही मॉडेल चालवून काही सुधारणार नाही. प्रश्नच बदलावा लागेल.

शब्दांकडे येते, कारण तुमचं खरं काम तिथेच आहे. ‘मिस्त्री’ हा शब्द घ्या. आपल्याकडे गवंडीकाम करणारा मिस्त्री, लाकूडकाम करणारा मिस्त्री आणि मोटरसायकल दुरुस्त करणाराही मिस्त्रीच. इस्कोत हे ७११२, ७११५ आणि ७२३१ असे तीन वेगळे कोड आहेत. ‘ड्रायव्हर’ म्हणजे ट्रॅक्टरचा, काळी-पिवळीचा की नागपूरला ट्रकवर? ‘ठेकेदार’ म्हणजे संत्र्याचा बगीचा फळं झाडावर असतानाच विकत घेणारा, मजूर पुरवणारा की रस्त्याची कामं घेणारा? मोर्शी-वरुडकडे या शब्दाचा जो अर्थ आहे तो वणीकडे असेलच असं नाही. उलट एकाच कामाला भाषेप्रमाणे वेगळे शब्द आहेत. वऱ्हाडीतला माणूस एक म्हणेल, झाडीबोलीतला दुसरं, मेळघाटातला कोरकू माणूस मराठीत सांगताना तिसरं. म्हणून प्रत्येक नोंदीला गाव आणि तालुका चिकटलेला राहू द्या. शब्द आणि ठिकाण मिळून अर्थ ठरतो, आणि मॉडेललाही दोन्ही द्या.

याहून नाजूक गोष्ट जातीची आहे. आपल्या भाषेत लोहार, सुतार, कुंभार, बुरड, धिवर हे शब्द कामाचेही आहेत आणि जातीचेही. सर्वेक्षकानं घाईत ‘धंदा?’ विचारलं की कुणी ‘लोहार’ सांगतो, आणि प्रत्यक्षात तो बोअरवेलच्या गाडीवर असतो. त्याच्या बापानं भाता सोडूनही वीस वर्षं झालेली असतात. आडनावावरून किंवा जातीच्या रकान्यावरून व्यवसाय ओळखायला मॉडेल अगदी पटकन शिकतं, कारण जुन्या नोंदींत ते जुळलेलं असतं. त्याचा परिणाम असा की मुलगा बदलला तरी यंत्र त्याला आजोबांच्या कामात परत बसवतं. हे मला सहन होत नाही, आणि तुम्हीही होऊ देऊ नका. नाव, आडनाव, जात हे रकाने मॉडेलपर्यंत पोहोचूच देऊ नका. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ कारागिरी आहेत, त्यांत लोहार, कुंभार, टोपल्या विणणारे, मासेमारीची जाळी करणारे येतात. ज्याचा हात आजही त्या कामात आहे तो ‘मजूर’ म्हणून नोंदला गेला तर त्याचा हक्क जातो. म्हणून या शब्दांपुरता एक जोडप्रश्न सक्तीचा करा: गेल्या महिन्यात या कामातून पैसे मिळाले का?

आता संगणकाकडे. सगळ्यात आधी लिपी स्वच्छ करा. मराठीत व्यवसाय सांगणारे शब्द बहुधा ‘-णारा, -णारी, -णाऱ्या’ असे संपतात, आणि त्यातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी टंकता येतो. एकात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण चालवून हा फरक जात नाही, बदल स्वतः लिहून करावा लागतो. दुसरा सापळा पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतला. तिथली शब्द ओळखायची नेहमीची खूण काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही, आणि पायथनमध्ये मॉडेल बनवायचं जे सायकिट-लर्न हे साधन आहे, त्यातली मूळ मांडणी त्याच खुणेवर चालते. त्यामुळे ‘वेचणी’चे तुकडे होतात आणि उरतं ते निरर्थक. मी पाहिलेल्या अनेक ‘मॉडेल चालत नाही’ तक्रारींचं मूळ इथे होतं. मोकळ्या जागेवर शब्द तोडा किंवा भारतीय भाषांसाठी केलेलं साधन वापरा.

मग मोजा. दहा-बारा हजार नोंदींत वेगवेगळे शब्दप्रयोग तुम्हाला वाटतात त्याहून खूप कमी निघतील. काही मोजके शब्द शेकड्यांनी येतात आणि मग एकदोनदाच आलेल्यांची लांबलचक शेपटी लागते. वरचे तीन-चारशे शब्दप्रयोग हातानं कोड करा. दोन माणसांचं आठवड्याचं काम आहे, आणि नोंदींचा मोठा हिस्सा त्यातच मार्गी लागतो. हे काम दोघांनी एकमेकांचं न पाहता करावं. नंतर ताडून पाहा आणि कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेला कॅपा हा आकडा काढा. योगायोगानं जितकं जुळलं असतं ते वजा करून खरी सहमती किती, हे तो सांगतो. माझ्या कामात तो ०.७ च्या खाली आला की मी पुढे जात नाही, कप्प्यांच्या व्याख्या पुन्हा लिहिते. जिथे दोन जाणत्या माणसांचं एकमत नाही, तिथे मॉडेलला बरोबर काय ते शिकवणार कोण?

शेपटीसाठी साध्यापासून सुरुवात करा. शब्दाऐवजी अक्षरांचे दोन ते पाच लांबीचे तुकडे घ्या, त्यांना टीएफ-आयडीएफनं वजन द्या (सगळीकडे येणाऱ्या तुकड्याला कमी, क्वचित येणाऱ्याला जास्त) आणि त्यावर लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे नोंद कोणत्या कप्प्यात जाण्याची शक्यता किती हे सांगणारी साधी पद्धत, चालवा. शुद्धलेखनाच्या चुका, ‘फवारनी’ आणि ‘फवारणी’, बोलीतले प्रत्यय, हे सगळं ही पद्धत बऱ्यापैकी पचवते आणि साध्या लॅपटॉपवर चालते. अर्थाची जवळीक हवी असेल तिथे वाक्यांचं आकड्यांत रूपांतर करणारी मॉडेलं आहेत: पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटानं मराठीसाठी केलेली महाबर्टच्या कुटुंबातली, किंवा गूगलचं भारतीय भाषांसाठीचं म्युरिल. या मॉडेलांचा बराचसा अभ्यास लिखित, प्रमाण मराठीवर झालेला असतो. ‘डवरणी’ आणि ‘कोळपणी’ हे दोन्ही शब्द पिकाच्या ओळींमधलं तण काढण्याचे, पण ते त्यांना जवळचे वाटतील याची खात्री धरू नका, तपासून पाहा. या दोन पद्धतींतून प्रत्येक नोंदीसाठी पाच संभाव्य कोड काढा आणि ते कोड करणाऱ्या माणसासमोर ठेवा. मॉडेलला खात्री आहे तिथे शंभरातल्या दहा नोंदी तपासा, खात्री नाही तिथे सगळ्या.

मोठी भाषिक मॉडेलं, म्हणजे चॅटजीपीटीसारखी, वापरावीत का, हेही तुमच्या मनात असणार. व्याख्येचा कच्चा मसुदा करायला आणि ‘या दोन कप्प्यांत फरक काय’ हे मांडायला मला त्यांचा उपयोग होतो. थेट कोड विचारू नका. अस्तित्वात नसलेला आठ अंकी कोडही ती बिनदिक्कत देतात. वापरायचीच तर पाच पर्याय देऊन त्यातलाच एक निवडायला सांगा, आलेला कोड यादीत आहे का हे प्रोग्रामनं तपासा, आणि लोकांची नावं-गावं बाहेरच्या सेवेकडे पाठवू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण त्या आधी ज्यांनी ओसरीवर बसवून चहा पाजून तुम्हाला हे सांगितलं, त्यांच्या विश्वासाचा प्रश्न आहे.

इथवरचं एकदा धरून ठेवा: मूळ शब्द जपायचे, सरकारी चार अंकांचा कणा ठेवायचा, वरचे शब्द हातानं आणि शेपटी मॉडेलच्या मदतीनं कोड करायची. यादी उभी राहिली. आता ती ताजी कशी ठेवायची, ज्यासाठी तुम्ही मुळात विचारलंय.

दरवर्षी नव्या नोंदी आल्या की मी संगणकाला चारच गोष्टी विचारते. ‘इतर’ कुठे फुगतंय? कोणत्या कप्प्यात आतल्या आत दोन वेगळे घोळके दिसतात? कोणता कप्पा रिकामा होत चाललाय? आणि मागच्या वर्षी जो शब्द एका कप्प्यात जायचा, तो आता दुसरीकडे ओढला जातोय का? याची उत्तरं म्हणजे एक छोटी यादी असते, तीस-चाळीस ओळींची, प्रत्येक ओळीखाली लोकांची मूळ वाक्यं. ती घेऊन आम्ही बसतो: आयटीआयचे एक निदेशक, कृषी सहायक, ग्रामरोजगार सेवक, बचत गटाच्या दोन-तीन बाया, आणि ज्या कामाबद्दल चर्चा आहे ते करणारी किमान दोन माणसं. शेवटच्या दोघांशिवाय बैठक घेत नाही.

एका बैठकीतलं सांगते. ‘सोलरवाला’ हा शब्द ‘वायरमन’च्या कप्प्यात वाढत होता. शेतकऱ्यांकडे सौर कृषिपंप आले, तसे ते बसवणारे आणि दुरुस्त करणारे पोरं आले. यादीप्रमाणे ते इमारतीतल्या विजेच्या कामात, ७४११ मध्ये पडत होते. बैठकीत त्यांच्यातल्याच एका मुलानं सांगितलं की त्याचा निम्मा दिवस पाया खणण्यात, सांगाडा उभा करण्यात आणि विहिरीत पंप सोडण्यात जातो. पॅनल कोणत्या कोनात ठेवायचं, कंट्रोलरवर येणारा दोष कसा वाचायचा, हे त्याला कळतं, घराचं वायरिंग येत नाही. म्हणजे वायरमनचं प्रशिक्षण त्याच्या कामाचं नव्हतं, आणि वायरमनला दिलेलं काम त्याला धोक्याचं होतं. आम्ही ७४११ च्या खाली वेगळी फांदी केली. ड्रोनचं प्रकरण याच्या उलट निघालं. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली, तेव्हापासून सगळ्यांना तो कप्पा हवा होता. आमच्या नोंदींत वर्षातून काही दिवस ते काम करणाऱ्या इतक्या थोड्या बाया होत्या की आम्ही ते व्यवसायात न घालता कौशल्याच्या यादीत ठेवलं. पुढे वाढलं तर वर काढू.

नवा कप्पा करताना मी तीन प्रश्न विचारते. पुरेशी माणसं आहेत का? शिकावं लागतं ते वेगळं आहे का? आणि मजुरी, करार किंवा धोका वेगळा आहे का? पहिल्याचं ‘हो’ आणि उरलेल्या दोनांपैकी एकाचं ‘हो’ आलं की कप्पा करते. सालदार तिसऱ्या प्रश्नावर वेगळा ठरतो, सोलरवाला दुसऱ्यावर. हा माझा नियम आहे, तुमच्याकडे वेगळा असू शकतो. पण नियम लिहिलेला हवा, नाहीतर जो मोठ्यानं बोलेल त्याचा कप्पा होतो.

कप्पा बंद करताना कोड पुसू नका, त्याच्यासमोर ‘अमुक तारखेपासून वापरात नाही’ लिहा, आणि तो अंक पुन्हा दुसऱ्या कामाला कधीही देऊ नका. प्रत्येक आवृत्तीला तारीख द्या. जुना कोड नव्यात कुठे गेला याचा तक्ता ठेवा, आणि एक पूर्ण वर्ष दोन्ही याद्यांनी कोड करा. असं केलं नाही तर पुढच्या वर्षी ‘शेतमजूर कमी झाले’ असा अहवाल निघेल, आणि खरं तर तुम्ही फक्त फवारणीवाले वेगळे काढलेले असतील. आवृत्ती मी गुढीपाडव्याला गोठवते. सालाचे सौदे त्याच दिवशी बदलतात, म्हणून वर्षाची ती खरी कड आहे, मार्चची ३१ तारीख नव्हे.

कौशल्यांबद्दल थोडं वेगळं सांगायचंय. परदेशात ही यादी नोकरीच्या जाहिरातींतून काढतात. ब्रिटनमधल्या नेस्टा या संस्थेनं २०१८ मध्ये ४ कोटी १० लाख ऑनलाइन जाहिरातींवरून कौशल्यांचं वर्गीकरण केलं. युरोपीय आयोगाच्या एस्को या वर्गीकरणात सुमारे ३००० व्यवसाय आणि १३,००० हून अधिक कौशल्यं आहेत, आणि प्रत्येक व्यवसायासमोर कोणतं कौशल्य अत्यावश्यक, कोणतं ऐच्छिक हे मांडलेलं आहे. एस्कोची ही मांडणी जरूर उचला. जाहिरातींची वाट मात्र तुम्हाला बंद आहे. सालदार हवा म्हणून कुणी पोर्टलवर जाहिरात देत नाही. तुम्ही नोकरीच्या संकेतस्थळांवरून माहिती ओढलीत तर तुम्हाला नागपूरजवळचे बुटीबोरी आणि मिहान हे औद्योगिक पट्टे दिसतील, तुमचा तालुका दिसणार नाही.

आपल्याकडे कौशल्य विचारून काढावं लागतं, आणि ‘तुम्हाला काय येतं?’ असं विचारलं तर उत्तर येत नाही. मी विचारते, ‘नवीन माणूस आला तर तो काय चुकवतो?’ या एका प्रश्नानं माझ्या वह्या भरल्या आहेत. वेचणी करणाऱ्या एका बाईनं सांगितलं की नवी पोरगी सकाळी दव असतानाच वेचते, त्यामुळे कापूस ओला भरतो, आणि बोंडासोबत सुकी पाती ओढते, ती नंतर निघत नाही. किडकं, पिवळं पडलेलं बोंड वेगळ्या ओट्यात टाकायचं हे तिला कळत नाही. ही दर्जा राखण्याची कौशल्यं आहेत, गाडी बाजारात गेली की भावात दिसतात. आणि कागदावर ती बाई ‘अकुशल’ आहे. गावातल्या जनावरांची देखभाल आणि प्राथमिक उपचार करणाऱ्या पशुसखीला विचाराल तर ती सांगेल की शेळी आजारी आहे हे चारा टाकताना कळतं, सुई टोचायच्या कितीतरी आधी. अशी वाक्यं क्रियापदांत मोडा: ओळखणे, वेगळे करणे, सांभाळणे, जोडणे. मग त्यांचे गट पाडायला संगणक द्या. हे गट व्यवसायांच्या गटांना आडवे छेद देतात आणि तरुणाला एका कामातून दुसऱ्या कामात जायची वाट त्या छेदातच सापडते. डिझेल इंजिन उघडून बसवणारा पोरगा थ्रेशर दुरुस्तीकडे लवकर वळतो, हे व्यवसायांच्या यादीत दिसत नाही.

सुरुवात छोटी करा. तुमच्या नोंदींतून ‘मिस्त्री’, ‘ड्रायव्हर’, ‘ठेकेदार’ आणि ‘मजूर’ एवढेच शब्द लिहिलेल्या शंभर नोंदी काढा आणि सर्वेक्षकांना त्या घरी परत पाठवा: कशाचे, कुणाकडे, कोणत्या महिन्यात. तीन वर्षांपूर्वीचं उत्तर आणि आजचं, दोन्ही लिहून घ्या. शंभरातले किती वेगवेगळ्या कोडमध्ये फुटले, हे कळलं की इथे सांगा. किती बारीक जायचं आणि मॉडेलवर किती भिस्त ठेवायची, ते त्या आकड्यावरून आपण ठरवू.